कोळसा नव्हता

कवडूजी पचाऱ्यांनी पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवली नाही, आपटली.

"घ्या मॅडम. तुमचं पाणी तुमाले वापस."

बाटली उचलून मी खिडकीपाशी उजेडात धरली. दूध कमी पडलेल्या चहासारखा रंग. हलवून थोडा वेळ तशीच ठेवली, तर तळाला काहीच बसेना.

"कुठलं आहे?"

"नाल्याचं. आमच्या तलावात येते थे. पाऊस जाऊन किती दिवस झाले, आता नाल्याचं पाणी कसं काचेवानी पायजे. अन हे पाहा. तुमच्या वॉशरीचा कोळसा हाय हा, दुसरं काई नाई."

"असेल तर तसं लिहून देईन," मी म्हणाले. "नसेल तर नाही म्हणून लिहून देईन."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कंपनीचा पगार घेता अन कंपनीच्या विरोधात लिहान?"

"गाळ कोणाचा पगार घेत नाही, कवडूजी. तो जो आहे तोच निघतो."

कवडूजी मोहाळीच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. साठीला टेकलेले, पण अंगाने काटक. मी त्या कोल वॉशरीत केमिस्ट होते, शोभना देवाळकर. एमएस्सी करून लागले होते आणि लॅबचं सगळं काम माझ्याकडे होतं. खाणीतला कोळसा आमच्याकडे धुतला जायचा आणि वीज केंद्राला जायचा. धुतल्यावर उरायचं ते काळं पाणी. त्यातले मोठे कण लवकर तळाला बसतात, पण पिठाहून बारीक असतात ते तरंगत राहतात. म्हणून ते पाणी साठवायला नाल्याच्या वरच्या अंगाला एक तलाव केला होता. पिवळ्या मुरुमाची उंच पाळ, आत शाईसारखं पाणी. ते बारीक कण मोजणं, जाळणं, त्यात कोळसा किती नि माती किती ते सांगणं, हे माझं रोजचं काम. ते मला चांगलं येत होतं आणि येतं हे मला माहीत होतं.

"चला," मी म्हणाले. "नाल्यानं वर जाऊ. गढूळ पाणी कुठून सुरू होतं ते पाहू."

आम्ही मोहाळीच्या बाजूने चालत वर निघालो. दोन्ही काठांना कापूस फुटायला लागला होता. मी अधूनमधून थांबून बाटल्या भरत होते आणि कवडूजी पाण्यात पाय घालून बघत होते. पाणी कुठेच निवळ नव्हतं. शेवटी आम्ही थेट पाळीच्या पायथ्याशी पोचलो. तिथे लोडिंगवरच्या मजुरांची वस्ती होती. टिनाची छपरं, कुडाच्या भिंती, पाळीच्या सावलीत एका ओळीत बसलेली.

त्यातल्या शेवटच्या घरासमोर जमिनीतून पाणी येत होतं. भोवती गोल दगड रचलेले, एका दगडावर हळदकुंकू. एक बाई वाकून हंडा भरत होती. तिचं नाव यशोदा.

"झरा लागला ताई आमाले," ती आनंदाने म्हणाली. "आधी नुसती ओल होती. मंग पाझर सुरू झाला. आता हंडा भरते. आजवर पाणी डोक्यावर आणलं, आता देवानं दारात आणून देल्लं."

"असंच गढूळ येतं का?"

"नाई जी. आधी मस्त निवळ होतं. आताच जरासं असं येऊन राह्यलं. तुरटी फिरवतो अन पितो."

झऱ्याच्या वरच्या अंगाला नाला कोरडा होता. म्हणजे गढूळ पाण्याचं मूळ हेच. कवडूजी झऱ्याकडे पाहत उभे राहिले. त्यांना काळं पाणी सोडणारा पाइप सापडायला हवा होता, आणि सापडला तो हळदकुंकू वाहिलेला झरा.

मी त्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या.

लॅबमध्ये ते पाणी गाळलं, गाळ वाळवला, तोलला, मुशीत घालून भट्टीत ठेवला. यात गुंतागुंत काही नाही. कोळसा जळून जातो, माती मागे राहते. आमच्या तलावातला गाळ भट्टीतून निम्म्यावर यायचा. हा जवळजवळ होता तेवढाच बाहेर आला. सूक्ष्मदर्शकाखालीही काळे, चकाकणारे, धारदार कडांचे कण शोधून सापडेनात.

प्लांट मॅनेजर वर्तक साहेब बातमीची वाटच पाहत होते. ठाण्याकडचे गृहस्थ, नोकरीत केस पिकलेले, चिडके पण खोटं न बोलणारे.

"म्हणजे कोळसा नाही?"

"नाही, सर."

त्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. "उत्तम! काठची माती असणार. द्या लिहून. त्या पचाऱ्यांना पण एक प्रत द्या, म्हणजे पुन्हा बाटल्या आपटायला येणार नाहीत."

"माती आहे एवढं नक्की. कुठली ते अजून ठरायचंय."

"देवाळकर मॅडम, माती ती माती."

"पाऊस नाही, सर. वर नाला कोरडा पडलाय. मग इतकी बारीक माती रोज येते कुठून? मला आजची दुपार द्या."

"घ्या," ते म्हणाले. "कोळसा नाही ना? मग हवी तेवढी घ्या."

दुपारी मी पुन्हा तिकडे गेले. नाल्याच्या काठची माती घेतली, आणि येताना पाळीवरचा मुरुम खरवडून पिशवीत भरला. तिन्ही नमुने बशांमध्ये मांडून त्यांवर पातळ ॲसिड टाकलं. काठची काळी माती फसफसली, कारण आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असतेच. झऱ्याचा गाळ गप्प राहिला. मुरुमही गप्प. मग तिन्ही मुशींत घालून भट्टीत ठेवले आणि भट्टीचं दार लावून घरी गेले.

सकाळी मुशी बाहेर काढल्या. काठची माती मळकट करडी झाली होती. उरलेल्या दोन्ही लालभडक, एकाच आव्यातल्या विटांसारख्या. त्या मी अदलाबदल करून ठेवल्या असत्या तर कोणती कुठली ते मलाही सांगता आलं नसतं. मग त्या दोन मुशी रुमालात गुंडाळल्या आणि वर्तक साहेबांना म्हणाले, "सर, पाळीवर चला."

"काय झालं?"

"तिथेच सांगते."

पाळीवर उभं राहिलं की एका बाजूला काठोकाठ काळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला पार खाली वस्तीची छपरं दिसायची. चुलींचा धूर वर येत होता. मी रुमाल उघडला.

"ही झऱ्याची माती. ही दुसरी, तिच्याशी जुळली ती."

"दुसरी कुठली?"

"तुमच्या पायाखालची."

त्यांनी खाली पाहिलं.

"तो झरा नाही, सर. आपलं पाणी झिरपतंय. झिरपण्याचं काही नाही, सगळ्याच पाळी थोड्या झिरपतात. कोळशाचा गाळ आतल्या अंगाला अडकून राहतो, म्हणून बाहेर काळं येत नाही. पण मग निवळ यायला हवं. आधी यायचं, ती बाई सांगते. आता ते पाळ घेऊन येतंय. जेवढी माती बाहेर, तेवढी पोकळी आत."

"वर एक चीरसुद्धा नाही," ते म्हणाले. पण आवाज उतरला होता.

"वरून नाही, आतून सुरू झालंय. कोळसा निघाला असता तर बरं झालं असतं, सर."

ऑफिसात येऊन त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला. तिकडच्या इंजिनिअरचं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येऊन पाहतो म्हणतात."

"तोवर पाळ टिकेल असं लिहून देतात का, विचारा."

त्यांनी विचारलं. बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही देत."

प्लांट थांबवायचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला. वीज केंद्राचा कोळसा अडणार होता आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला जाणार होता. पण प्लांट थांबवून तलाव रिकामा होत नाही. पंप लावून आठवडे गेले असते. एकच वाट होती. तलावाच्या दुसऱ्या टोकाला सांडव्याचं दार होतं, ते उघडायचं.

"ते पाणी नाल्यात जाणार," वर्तक म्हणाले.

"हो."

"आणि नाला मोहाळीच्या तलावात."

"हो, सर."

ते कोरडं हसले. "काल कोळसा नव्हता म्हणून आपण खूश होतो. आज आपणच सोडायचा." मग गंभीर होऊन म्हणाले, "आधी दार उघडू. त्या लोकांना मागाहून सांगू. आधी सांगितलं तर आडवे पडतील."

"मी सांगून येते. तुम्ही वस्ती हलवायला घ्या, गाड्या पाठवा. माझा निरोप आला की दार उघडा."

"नाही म्हणाले तर?"

"तरी उघडायचं. पण त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे. काळं पाणी दिसून नाही."

जाताना वाटेत वस्तीवर थांबले. गाड्या यायच्या आधीच बायका जमल्या होत्या. यशोदा झऱ्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी.

"पाणी आलं म्हून घर सोडायचं का, ताई? हे कोनता कायदा हाय?"

"यशोदाबाई, हे पाणी पाळ खाऊन येतंय. पाळीच्या आत पोकळ झालंय. ती फुटली तर पहिलं घर तुमचं."

"फुटन?"

"फुटू नये म्हणून तलाव खाली करतोय. पण तोवर इथे कोणी थांबायचं नाही. मी खोटी ठरले तर माझ्या घरात येऊन राहा."

तिने वर पाहिलं. तिच्या छपराच्या कितीतरी वर पाळीची कड होती. ती रोज दिसत असणार, पण त्या दिवशी तिने ती पाहिली. ती आत गेली आणि लेकराला कडेवर घेऊन, भांड्यांचं गाठोडं डोक्यावर ठेवून बाहेर आली. तिच्यामागून बाकीची घरं हलली.

कवडूजी मोहाळीच्या तलावाकाठी मोहाच्या झाडाखाली जाळं विणत बसले होते. मला पाहून हात न थांबवता म्हणाले, "निंगाला का कोळसा?"

"नाही निघाला."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. झरा कसला आहे, पाळीचं काय झालंय, खाली कोण राहतं, आणि आम्ही दुपारी काय करणार आहोत. बोलता बोलता त्यांचा हात थांबला.

"म्हंजे कोळसा नोहता. आता तुम्ही सोडणार."

"हो."

"मले इचारून राह्यल्या का सांगून राह्यल्या?"

"सांगतेय. विचारलं असतं तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला द्यावा लागला असता. तो मी देऊ शकत नाही."

मला वाटलं, आता उठतील आणि हाकलून देतील. ते तलावाकडे पाहत राहिले. तलाव भरलेला होता, मध्येच एखादी मासोळी उसळत होती.

"नाला वळवता येत नाई का?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "कुठं वळवान? दोन्हीकून लोकाईचा कापूस उभा हाय."

"मी पण तोच विचार केला."

"पाळ कवा फुटन?"

"माहीत नाही. आज फुटेल, महिन्याने फुटेल. माहीत असतं तर तुमच्या मासोळ्या काढून होईपर्यंत थांबले असते."

"मासोळ्या अजून वाढाच्या हायेत," ते पुटपुटले. मग उठले, धोतर खोचलं आणि गावाकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली की झाडावरचे बगळे उडाले. "जाळे आणा रे! सगळे जाळे आणा!"

माझा निरोप गेल्यावर दार उघडलं तेव्हा मी वर नव्हते, मोहाळीच्या तलावातच होते, गुडघाभर पाण्यात. वस्तीची माणसं गाठोड्यांसकट तलावाच्या काठावर उतरली होती. दुसरी मोकळी जागा जवळ नव्हतीच. मच्छीमार जाळी ओढत होते, पण माणसं कमी पडत होती. यशोदाने लेकराला सासूकडे दिलं, पदर खोचला आणि येऊन दोराला हात घातला. तिच्यामागून वस्तीतले पुरुषही उतरले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. रोहू, कतला, जे जाळ्यात येईल ते काठावर पडत होतं. आरडाओरडा, शिव्या, "ओढ रे", "सोडू नको", असा सगळा गलका चालू असताना एक म्हातारी नाल्याच्या तोंडाकडे बोट दाखवून गप्प उभी राहिली.

काळं पाणी आलं होतं. आवाज न करता, सांडलेल्या डांबरासारखं पसरत होतं. त्याच्यापुढे मासोळ्या तोंड वर काढून पळत होत्या. कवडूजींनी अखेरचं जाळं त्या काळ्या कडेवरच टाकलं, ओढलं आणि मग दोर हातातून सोडून दिला. निम्म्याहून जास्त मासोळ्या आतच राहिल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आमचा तलाव खाली गेला, झरा आटला आणि पाळ जशीच्या तशी उभी राहिली. तसूभरही हलली नाही. मोहाळीच्या तलावात मेलेल्या मासोळ्यांचा वास सुटला. सोसायटीने बैठक बोलावली आणि मला निरोप धाडला. वर्तक म्हणाले, जाऊ नका. मी गेले.

समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. गजानन नान्हे नावाचा एक तगडा तरुण उभा राहिला. "मॅडम, तुमची पाळ त मजेत उभी हाय! आमचा तलाव कायले मारला मंग?"

"ती उभी राहावी म्हणूनच पाणी काढलं," मी म्हणाले. "उभी आहे म्हणजे मी चुकले, असं होत नाही."

"हे बोलणं सोपं हाय. दाखवा ना!"

"दाखवते."

"अन ते वस्तीचे लोकं आमच्या तलावावर बसले हायेत, त्याईले उठवा पहिले. त्याईच्यापायी झालं हे सगळं."

बऱ्याच माना हलल्या. मी कवडूजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मी तिथून थेट वर्तकांकडे गेले. "सर, पोकलेन लावा. पाळ खोदून पाहू. गावाला बोलवा."

"हेड ऑफिस आधीच भडकलंय. प्लांट बंद, तलाव रिकामा. खोदून काही निघालं नाही तर मी घरी आणि तुम्ही माझ्या आधी."

"निघेल, सर."

"इतकी खात्री?"

"मातीची आहे. ती कुठून तरी आली ना? जिथून आली तिथे आता नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पोकलेन मागवलं.

सगळी मोहाळी आली. वस्तीची माणसंही आली आणि वेगळी उभी राहिली. आटलेल्या झऱ्याच्या जागेपासून खोदायला सुरुवात झाली. पिवळा, घट्ट मुरुम निघत होता. आणखी आत, पुन्हा तोच घट्ट मुरुम. गजानन मोठ्याने काहीतरी बोलला आणि चारचौघं हसली. वर्तक माझ्याकडे पाहत नव्हते. मी ऑपरेटरला म्हणाले, "अजून आत."

पुढचा घास घेताना पोकलेनचा हात एकदम खाली गेला. ऑपरेटरने घाईने तो मागे घेतला. मुरुम ढासळला आणि समोर काळोख उघडला.

ते एक भुयार होतं. माणूस वाकून आत जाईल एवढं, भिंती पाण्याने घासून गुळगुळीत, तळ ओला. ते तलावाच्या दिशेने वर चढत गेलं होतं.

कोणी सांगायच्या आत कवडूजी पुढे झाले. डोक्याचा शेला सोडून त्यांनी कंबरेला बांधला आणि आत शिरले. वर्तक ओरडले, "अहो, थांबा!" पण ते गेले होते. थोडा वेळ आतून नुसता खरवडल्याचा आवाज येत होता. मग त्यांची हाक आली, जरा घुमल्यासारखी. "पलीकून ठोका रे!"

पाळीवरून एक मजूर रिकाम्या तलावाच्या आतल्या अंगाला उतरला आणि फावड्याने ठोकू लागला. आतून कवडूजी उलट ठोकत होते. इतक्या जवळून ठोकत होते की दोघांमध्ये जेमतेम हातभर माती होती. काठोकाठ भरलेला सगळा तलाव त्या हातभर मातीने धरून ठेवला होता.

ते बाहेर आले तेव्हा खांदे पिवळे झाले होते. ते गजाननला म्हणाले, "जा, आत जाऊन ये."

गजानन गेला आणि आला. मग सोसायटीचे सगळे एकेक करून जाऊन आले, हसणारेही. शेवटी यशोदा गेली. बाहेर येऊन ती भुयाराच्या तोंडाशी उभी राहिली आणि समोर पाहू लागली. समोर तिचं दार होतं. चुलीजवळ राहून गेलेली परात तिथून दिसत होती. तिने लेकराला सासूच्या हातातून काढून घेतलं आणि छातीशी धरलं.

कवडूजी अंगावरची माती झाडत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वस्तीच्या लोकाईले तलावावरून कोणी उठवणार नाई. समजलं का?" मग माझ्याकडे वळले. "मासोळ्या गेल्या माह्या."

"हो. गेल्या."

"तलाव साफ करून पायजे."

"होईल. आणि पाणी निवळ होईपर्यंत मी दर महिन्याला येऊन तपासीन."

"कंपनीनं नाई म्हटलं त?"

"तरी येईन."

त्यांनी मान हलवली, आणि आमचं ठरलं.

उन्हाळ्यात मोहाळीचा तलाव उपसला. तळातला काळा गाळ वर्तकांनी आमच्याच यंत्रांनी काढून दिला. बायकांनी त्याचे गोळे करून वाळवले आणि मोहाळीतल्या शेगड्या त्यावर बराच काळ पेटत राहिल्या. मी दर महिन्याला जात राहिले आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी मासोळीला योग्य असल्याचं लिहून दिलं. वस्ती तलावाकाठीच राहिली, पुढे तिला ग्रामपंचायतीचे घर नंबर मिळाले. यशोदा जाळं टाकायला शिकली, सोसायटीची सभासद झाली.

मी नंतर दोन वॉशऱ्या बदलल्या आणि चंद्रपुरात निवृत्त झाले. कवडूजी होते तोवर मोहाळीला जाणं चुकलं नाही. कोणी नवा माणूस समोर असला की ते माझ्याकडे बोट दाखवायचे आणि अगदी अभिमानाने सांगायचे, "ह्या त्या मॅडम. ह्याईनं आमचा तलाव काळा केल्ता."

समोरचा माणूस गोंधळून माझ्याकडे पाहत राहायचा. तोवर कवडूजींनी आत हाक दिलेली असायची, "रस्सा वाढा वो. मॅडम आल्या."